सुरूची सावली आणि समुद्राची मर्यादा

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी एकालाही समुद्र नाही. तरीही दिवाळीची सुटी लागली किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या घरांत विषय निघतोच: यंदा कोकणात जायचे का? दोन-तीन नातेवाइकांची कुटुंबे मिळून गाडी ठरवतात, रात्री निघतात, पुणे मागे टाकून ताम्हिणी घाट उतरतात आणि माणगाव-म्हसळामार्गे सकाळी दिवेआगर किंवा श्रीवर्धन गाठतात. कुणाला मुरूडचा जंजिरा बघायचा असतो. मुलांना फक्त पाणी हवे असते. मोठ्यांना मात्र हवी असते सावली.

दहा वाजले की किनाऱ्यावरची वाळू तापते. मग सगळे पाठीमागच्या सुरूच्या बनात येतात. डबे तिथेच उघडतात, दस्तरख्वान तिथेच पसरतो, नानी-दादी तिथेच पाय लांब करतात आणि जोहरची नमाजही तिथेच चटईवर होते. पाण्यात आपण तासभर असतो, उरलेला दिवस झाडाखाली. ती सावली कुणी लावली, तिचे रक्षण कोणता कायदा करतो आणि ती विरळ का होत चालली आहे, हे मात्र आपण कधी विचारत नाही. ते विचारावे, म्हणून हा लेख.

पाहुणे झाड

सुरू हे मूळचे आपल्या किनाऱ्याचे झाड नव्हे. ते ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातले. पश्चिम किनाऱ्यावर कारवारकडे १८६० च्या दशकात इंग्रज सरकारने त्याची लागवड केली ती जळणासाठी. रेल्वेच्या इंजिनांना लाकूड हवे होते आणि सुरू वाळूत, खाऱ्या वाऱ्यात भराभर वाढतो. पुढे वन आणि सामाजिक वनीकरण खात्यांनी वारा अडवण्यासाठी व वाळू धरून ठेवण्यासाठी कोकणात ठिकठिकाणी त्याच्या रांगा लावल्या. आज रायगड-रत्नागिरीचा किनारा म्हटले की डोळ्यांसमोर सुरूच येतो.

त्याच्याही आधी वाळू धरून ठेवणारी मंडळी वेगळी होती: केवडा, उंडी आणि जमिनीवर पसरणारी एक जांभळ्या फुलांची वेल. त्या वेलीला मराठीत मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते. वाऱ्याने उडालेली वाळू तिच्या पानांत अडते, साठते आणि हळूहळू वाळूचे टेकाड तयार होते. हे टेकाड म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. पावसाळ्यात उधाणलेला समुद्र त्यातली वाळू ओढून नेतो, पाऊस संपला की शांत लाटा ती परत आणून टाकतात. टेकाड सपाट केले, वेल उपटली, झाडे तोडली, की ही देवाणघेवाण मोडते. समुद्र वाळू नेतो, पण परत आलेली वाळू धरायला कुणी नसते.

मग गावाला वाचवायला दगडी बंधारा बांधावा लागतो. बंधारा भिंतीमागचे रस्ता-घर वाचवतो, पण भिंतीवर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खरवडते आणि बंधारा जिथे संपतो तिथली धूप वाढते. ज्या पुळणीसाठी पर्यटक येतात, तीच अरुंद होते.

पाचशे मीटरची रेघ

किनारा मोकळा राहावा, हा विचार आपल्या देशात नवा नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून दूर ठेवायला सांगितले. पुढे पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. सगळे तिला सीआरझेड म्हणून ओळखतात. तिने ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून २०० मीटरपर्यंत 'ना विकास क्षेत्र' ठरवले. वाळूची टेकाडे सपाट करणे, सुशोभीकरणासाठी किनाऱ्याचे नैसर्गिक रूप बदलणे, यालाही तिने मनाई केली.

ही अधिसूचना २०११ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये बदलली. २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आली. विरळ वस्तीत ती २०० मीटरच राहिली. पुळणीवर तात्पुरत्या टपऱ्या, कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहे यांना वाट मिळाली. स्थानिक लोकांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवण्याची सोयही मिळाली. शेवटची तरतूद चांगली आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागात कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. कुणाच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, कुणाच्या होड्या. घरची बाई दोन खोल्या पाहुण्यांना देऊन मुलांच्या शिक्षणाचा खर्च काढत असेल, तर त्यात किनाऱ्याचे नुकसान नाही.

अडचण दुसरीकडे आहे. सीआरझेड मुख्यतः बांधकामाचे अंतर मोजते. झाडाचा हिशेब दुसऱ्या कायद्यांच्या वहीत आहे.

एकच किनारा, दोन कायदे

श्रीवर्धन आणि मुरूड येथे नगरपरिषदा आहेत. तिथे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून जास्त संरक्षणही मिळाले.

दिवेआगर आणि काशीद येथे मात्र ग्रामपंचायती आहेत. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ बघावा लागतो. हा कायदा सगळ्या झाडांसाठी नाही, यादीतल्या झाडांसाठी आहे: साग, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह वगैरे. यादीत नाव असले तर परवानगी लागते, नसले तर कवच पातळ. दंडाची रक्कमही मूळ कायद्यात १,००० रुपयांपर्यंतच होती. किनाऱ्यालगतची जागा आज ज्या भावाने विकली जाते, त्यापुढे हजार रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च.

म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरावर, त्याच समुद्रासमोर, तसेच झाड एका गावात अर्जाशिवाय तोडता येत नाही आणि दुसऱ्या गावात ते कोणत्या यादीत आहे हे आधी शोधावे लागते. अशा फटीतून कुऱ्हाड सहज आत जाते.

माड 'झाड' आहे की नाही?

कायद्यातली एक व्याख्या बदलली तर काय होते, हे शेजारच्या गोव्यात सगळ्यांनी पाहिले. तिथे १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. जानेवारी २०१६ मध्ये गोवा विधानसभेने त्यात दुरुस्ती करून 'झाड' या व्याख्येतून माडाला बाहेर काढले. सरकारचे म्हणणे असे की म्हातारे, फळ न धरणारे माड तोडून नवे लावायला बागायतदाराला मोकळीक हवी. विरोधकांचे म्हणणे असे की यामुळे माडांच्या बागा मोकळ्या करून जमीन प्रकल्पांना आणि बांधकामांना देणे सोपे होईल. राज्यभर निदर्शने झाली. सरकार बदलल्यावर २०१७ मध्ये माडाला कायद्यात पुन्हा झाडाची जागा मिळाली.

बागायतदाराची बाजू अगदीच खोटी नव्हती. पोकळ झालेला माड घरावर पडेल या भीतीत जगणाऱ्या माणसाला परवानगीसाठी महिनोन्महिने फिरवणे हाही अन्यायच. पण एका माडाला परवानगी लवकर देणे वेगळे आणि सगळ्या माडांना झाडांच्या रांगेतून उठवणे वेगळे. पहिल्याने बागायतदार सुटतो. दुसऱ्याने बाग विकत घेणारा सुटतो.

३ जून २०२०

झाडांची किंमत कोकणाला एका दुपारी कळली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरू मुळासकट पडले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पोफळीवर घरे चालली, त्या काही तासांत गेल्या. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी ५०,००० रुपये केली. पुढे झाडामागे मदत ठरली तेव्हा नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये मिळाले. एका झाडाचे पन्नास रुपये! त्यात पडलेले खोड उचलण्याची मजुरीही निघत नाही.

वादळाने दोन गोष्टी शिकवल्या. एक, नुसत्या सुरूवर विसंबू नये. एकाच जातीची, उथळ मुळांची रांग मोठ्या वाऱ्यात एकत्रच पडते. शिवाय सुरूखाली काडीचा असा जाड थर साचतो की दुसरे रोप वर येणे अवघड होते. म्हणून नव्याने लावताना पुढे मर्यादवेल, मग केवडा, मग उंडी आणि पाठीमागे सुरू-माड अशी मिश्र लागवड हवी. दुसरी गोष्ट, पडलेल्या झाडाची जागा ही 'मोकळी झालेली जागा' नव्हे. वादळाने झाड पाडले, पण तिथे पुन्हा झाड लावायचे की गाड्यांचा तळ करायचा, हे माणूस ठरवतो.

आणि तो माणूस पर्यटकाकडे बघून ठरवतो. फोनवर खोली ठरवताना पहिला प्रश्न येतो, "खोलीतून समुद्र दिसतो का?" समुद्र दिसायचा तर मधली झाडे जायला हवीत. झाडे गेली की खारा वारा थेट वाड्यांत शिरतो. खोल्या वाढल्या की विहिरींवर पंप वाढतात आणि गोड्या पाण्याच्या जागी खारे पाणी झिरपू लागते. आपण दोन दिवसांत परततो. ते पाणी प्यायला गावातल्या बायका-मुले मागे राहतात.

वेळासने दाखवलेली वाट

पर्यटन आले की किनारा बिघडलाच पाहिजे असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी जपली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे जाताना बघायला लोक दुरून येतात, गावकऱ्यांच्याच घरी राहतात, त्यांच्याच हातचे जेवतात. इथे पर्यटक येतात ते किनारा शाबूत आहे म्हणून. झाड, वाळू, अंधार आणि शांतता हीच गावाची मिळकत झाली.

आपल्या हातात काय आहे?

सावली गेल्याचे दुःख आपल्याला नवे नाही. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला, प्रवास सोपा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या रस्त्याच्या कडेचे वड आणि लिंब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आजचा उघडा रस्ता उन्हात कसा भाजतो ते ठाऊक आहे. जंगल अगदी थोडे असलेल्या दुष्काळी जिल्ह्यातली आपण माणसे. दुसऱ्याच्या गावातले झाड आपल्याला परके वाटू नये.

दीनची शिकवणही हेच सांगते. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला ते सदका ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसरी शिकवण कमी आठवली जाते. लोक ज्या सावलीत बसतात तिथे घाण करणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सक्त ताकीद दिली आहे. सुरूच्या बनात प्लास्टिकच्या बाटल्या आणि बिर्याणीची ताटे टाकून उठताना ती हदीस आठवावी. चराऊ रान आणि झाडोरा राखून ठेवण्यासाठी 'हिमा' नावाची राखीव जागा ठरवण्याची पद्धतही इस्लामी इतिहासात जुनी आहे. सीआरझेड हा शब्द नवा असेल, कल्पना नवी नाही.

म्हणून पुढच्या सहलीसाठी काही साध्या गोष्टी. खोली ठरवताना "समुद्र दिसतो का" ऐवजी "आवारात झाडे आहेत का" असे विचारा. जमेल तिथे गावकऱ्यांच्या घरी राहा, पैसा गावात राहतो. गाडी पुळणीवर नेऊ नका. चाकाखाली मर्यादवेल मरते आणि मुलांच्या जिवालाही धोका असतो. चूल पेटवायला फांद्या तोडू नका, झाडाच्या बुंध्याशी विस्तव करू नका. कचरा पिशवीत भरून सोबत आणा. मुलांना ती जांभळ्या फुलांची वेल दाखवा, तिचे नाव सांगा.

आणि घरी परतल्यावर आपल्या बांधावरच्या चिंचेकडे, आंब्याकडे एकदा बघा. १९६४ च्या त्याच यादीत त्यांचीही नावे आहेत. ग्रामसभेत कुणी ती तोडायचा विषय काढला, तर परवानगी घेतली का, आणि बदल्यात किती झाडे लावणार, हे दोन प्रश्न विचारायला समुद्रकाठी राहायची गरज नाही.