नकाराचे इंग्रजी शब्द

मराठीत 'नाकारणे' हे एकच क्रियापद किती कामे करते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. लाच नाकारली, आरोप नाकारला, आमंत्रण नाकारले, अर्ज नाकारला, प्रवेश नाकारला : वाक्ये पाच, क्रियापद एक. इंग्रजीत मात्र या कामांची वाटणी झालेली आहे, आणि मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी नेमका तेथे अडखळतो.

एखादे विधान खरे नाही असे सांगणे म्हणजे 'डिनाय' करणे. म्हणून आरोप 'डिनाय' केला जातो. देऊ केलेली वस्तू न घेणे किंवा सांगितलेली गोष्ट करण्यास तयार नसणे म्हणजे 'रिफ्यूज' करणे. म्हणून लाच 'रिफ्यूज' करावयाची असते. एखाद्या सचोटीच्या कारकुनाच्या शिफारसपत्रात 'त्याने लाच नाकारली' हे सांगताना कोणी 'डिनाय' योजले, तर वाचणारा समजेल की, या गृहस्थावर लाच घेतल्याचा आळ होता आणि तो त्याने अमान्य केला. गौरव करावयास गेलो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले! हक्क वा प्रवेश मिळू न देणे, हाही 'डिनाय'चाच एक अर्थ होय. 'डिक्लाइन'मध्ये सौजन्य असते. आमंत्रणास तो शोभतो. 'रिजेक्ट'मध्ये पारखून बाजूस सारण्याचा भाव आहे : सदोष माल, अर्ज, हस्तलिखित. (संपादक कवीला कळविताना 'डिक्लाइन' लिहितात, ती केवळ दाक्षिण्याची बाब.)

कित्येक शब्दांमध्ये अर्थापेक्षा घराण्याचा भेद अधिक असतो. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारातून फ्रेंच शब्द आले, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून उचलले. 'आस्क' हा जुना घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिन वळणाचा. आई मुलाला 'आस्क' करते. संशयिताला पोलीस 'इंटरॉगेट' करतात. आपल्यालाही हे नवे नाही. कचेरीत आपण फारसीतून आलेला 'अर्ज' करतो, वडीलधाऱ्यांना 'विनंती' करतो. हा विवेक आपण कानांनी शिकलो. इंग्रजी आपल्या घरात बोलली जात नसेल, तर तो वाचनातून मिळवावा लागतो.

येथे पीटर मार्क रोजे यांच्या १८५२ सालच्या 'थिसॉरस'विषयी एक सूचना करावीशी वाटते. त्यात जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र दिले आहेत. त्यांच्यातील भेद सांगितलेले नाहीत. ज्याला शब्द ठाऊक आहे पण ऐन वेळी आठवत नाही, त्याच्यासाठी तो ग्रंथ उत्तम. नवशिक्याने त्यातील भारदस्त शब्द उचलून निबंधात बसविला की घात होतो. तेथे सापडलेला शब्द उदाहरण-वाक्ये देणाऱ्या कोशात पुन्हा पाहावा, त्याचे कर्म कोणते येते ते तपासावे, आणि वहीत क्रियापद एकटे न लिहिता त्याच्या नामासह उतरवावे : 'डिनाय अ चार्ज', 'रिफ्यूज अ ब्राइब', 'डिक्लाइन ॲन इन्व्हिटेशन'.