आधी कान, मग काना

भिवंडीच्या बाजारात मराठी, उर्दू आणि इंग्रजी पाट्या शेजारी शेजारी दिसतात. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू, यंत्रमागांवर कामाला आलेल्या पद्मशाली समाजाची तेलुगू, पूर्वांचलातल्या कामगारांची भोजपुरी आणि आजूबाजूच्या गावांतली आगरी, एवढं सगळं इथल्या पाच वर्षांच्या पोराच्या कानावर पडत असतं. त्याला घरी वाचायला शिकवायचं तर सुरुवात याच कानापासून करावी.

प्रत्यक्षात सुरुवात होते ती भिंतीवरच्या तक्त्यापासून. पोर ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणतं, पाहुणे खूश होतात. पण मधल्याच ‘ठ’वर बोट ठेवलं की स्वारी पुन्हा ‘क’पासून निघून तिथवर येते. चाल पाठ झालेली असते, अक्षर ओळखीचं झालेलं नसतं.

अक्षर ओळखण्याआधी मुलाला ऐकू यायला हवं की ‘कागद’ म्हणजे का-ग-द, तीन तुकडे. टाळ्या वाजवून शब्द तोडायचा, ‘क’ने सुरू होणाऱ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू शोधायच्या, शेवटचं अक्षर पकडून भेंड्या खेळायच्या. यातलं काहीही निरक्षर आईला किंवा आजीला जमतं, तेही तिच्या स्वतःच्या भाषेत. बारा तासांची पाळी करून आलेल्या बापालाही जेवताना जमतं. शिकवणीवर पैसे घालणाऱ्यांना हे फुकटचं म्हणून हलकं वाटतं, त्याला इलाज नाही.

मग अक्षरं. ती तक्त्याच्या क्रमानेच यावीत असं कुठे आहे? क, म, ल, र आणि काना एवढ्यावर काका, मामा, माला, कमाल, कमरा वाचून होतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला अर्थाचा शब्द वाचता आला, तर पुढचं काम सोपं होतं. शेजारच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये संशोधक शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०११पासून काही वर्षं मुलांच्या वाचनाचा मागोवा घेतला. वर्गात अक्षरांची घोकंपट्टी भरपूर आणि अर्थाकडे लक्ष कमी, हेच त्यांनाही दिसलं.

देवनागरीतही खाचखळगे आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकाच दिवशी शिकवू नयेत. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी उच्चारायचा, पण वेलांटी दिसते त्याच्या आधी, हे मोठ्यांच्या ध्यानातही येत नाही. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर लिपीची दिशाच उलटी. शिवाय उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. असं मूल ‘किताब’ला अडखळलं म्हणून ते मठ्ठ ठरत नाही.

आगरी घरातलं मूल छापलेलं ‘पाणी’ वाचताना ‘पानी’ म्हणेल, ‘डोळा’चा ‘डोला’ करेल, ‘गाडी’ची ‘गारी’. त्याने शब्द बरोबर ओळखलाय, फक्त तो आपल्या घरासारखा उच्चारलाय. तिथेच हटकलं तर ते वाचायलाच घाबरतं. ‘ण’ आणि ‘ळ’ सावकाश येतात.

गोष्टीचं पुस्तक घरात नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी गोष्टी मोबाइलवर फुकट मिळतात. कित्येक गोष्टी एकाहून जास्त भाषांत आहेत. घरच्या भाषेत आधी ऐकलेली गोष्ट मराठीत वाचताना मुलाला पुढे काय होणार ते ठाऊक असतं, मग अनोळखी शब्दही हाती लागतो. व्हिडिओ लावून देऊ नका. ओळीखाली बोट फिरवत आपण वाचा, आणि तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा वाचा.

आणि घाई कशाला? २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही समजून वाचता येण्याचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीचं ठेवलंय. बालवाडीतल्या पोराला जोडाक्षरं येत नाहीत म्हणून शिकवणी लावण्याचं कारण नाही.