लिंगओळख आणि लैंगिक कल
विद्यापीठांतल्या व्याख्यानांत, नाटकांनंतरच्या चर्चांत या दोन संकल्पनांची अनेकदा सरमिसळ होते. लिंगओळख (आपण स्त्री, पुरुष की आणखी कोणी, ही स्वतःची जाणीव) वेगळी आणि लैंगिक कल (ओढ कोणाकडे वाटते) वेगळा. न्हावा शेवा बंदरात कंटेनर कोणाचा आणि तो जाणार कुठे, या दोन स्वतंत्र नोंदी असतात. एकीवरून दुसरी ओळखता येत नाही, तसेच हे.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातली मित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नमा या तरुणीवर प्रेम करते. म्हणून ती ‘मनाने पुरुष’ ठरत नाही. स्त्रीवर प्रेम करणारी ती स्त्रीच आहे. तिला तसे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते. या दोन संकल्पनांबाबतचे सर्वोच्च न्यायालयाचे निकालही वेगळे आहेत: तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता २०१४ मध्ये मिळाली, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून वगळले गेले.