पाण्याकाठचा छायाचित्रकार

सूर्य उगवण्यास अद्याप अर्धा घटका अवकाश आहे. सरोवरावर धुक्याचा पातळ पडदा पसरला आहे. काठावर दोन माणसे निःशब्द बसली आहेत. एकाच्या हाती गळ आहे आणि त्याची दृष्टी पाण्यावर खिळली आहे. दुसऱ्याच्या हाती कॅमेरा आहे. त्याची दृष्टी कधी पाण्यावर, कधी पूर्वेच्या आकाशावर, तर कधी पहिल्याच्या हातांवर फिरत आहे. पहिला माशाची वाट पाहत आहे, दुसरा एका क्षणाची. मासा आज मिळाला नाही तर उद्या मिळेल. परंतु तो क्षण एकदा निसटला की पुन्हा यावयाचा नाही.

गळाने मासे धरणे हा अनेक देशांत लोकांचा आवडता छंद आहे. या छंदाविषयी नियतकालिके निघतात, पुस्तके छापली जातात, नद्यांची व सागरकिनाऱ्यांची वर्णने प्रसिद्ध होतात. या सर्वांना चित्रे हवी असतात. ती काढण्यासाठी रानावनांत, नदीकाठी आणि भर समुद्रात हिंडणारा जो कलावंत, तोच हा पाण्याकाठचा छायाचित्रकार होय. घरात बसून चित्र काढणाऱ्याला दिवा हवा तेथे ठेवता येतो, माणसाला हवे तसे बसविता येते. याच्या हाती यांपैकी काहीच नसते. त्याचा दिवा म्हणजे सूर्य. तो कोणाच्या सांगण्याने हलत नाही. त्याचा मुख्य पाहुणा म्हणजे मासा; तो निमंत्रण देऊन येत नाही.

म्हणून या व्यवसायाचा पहिला धडा प्रकाश ओळखण्याचा असतो. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात सूर्याचे किरण तिरपे येतात. त्यांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबूस, सोनेरी प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. या प्रकाशात छाया मऊ पडतात, पाण्याच्या लहरी उठून दिसतात आणि माणसाचा चेहरा प्रसन्न भासतो. दुपारी मात्र सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा टोपीची काळी सावली कोळ्याच्या डोळ्यांवर पडते आणि पाणी आरशासारखे चकाकून डोळे दिपविते. याच कारणाने हा छायाचित्रकार पहाटे इतरांच्या आधी उठतो, दुपारी आपली साधने पुसतो आणि सायंकाळी पुन्हा काठावर हजर होतो.

दुसरा धडा पाण्याच्या चकाकीचा. तळ्याच्या काठी उभे राहून पाहिले, तर पुष्कळदा पाण्यात आकाशच दिसते, तळ दिसत नाही. आकाशाचा प्रकाश पाण्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांत शिरतो आणि आतून येणारा मंद प्रकाश त्यापुढे फिका पडतो. पण या परावर्तित प्रकाशाचा एक विशेष गुण असतो. प्रकाशाच्या लहरी एरवी सर्व दिशांनी कंप पावतात. पाण्यावरून तिरप्या परावर्तित झालेल्या प्रकाशात मात्र बहुतेक कंपने एकाच दिशेची, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर अशी उरतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. छायाचित्रकार आपल्या भिंगापुढे एक खास काच बसवितो. ती विशिष्ट दिशेच्या कंपनांनाच वाट देते. ती काच हळूहळू फिरविली की एका स्थितीत पाण्याची चकाकी जणू कोणी पुसून टाकल्याप्रमाणे नाहीशी होते. तळातील गोटे, शेवाळाचे झुबके आणि प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहिलेला मासा, हे सारे स्पष्ट दिसू लागते. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधून पाहिले असता हा परिणाम सर्वांत चांगला मिळतो. आपण कोठे उभे राहावे, हे त्या छायाचित्रकाराला भूमिती सांगते.

तिसरा धडा वेळेचा. गळाला लागलेला मासा पाण्याबाहेर उसळी घेतो, ती उसळी डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच संपते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर त्या उसळीतील पाण्याचा एकेक थेंब मोत्यासारखा हवेत थांबलेला दिसतो. तीच झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली, तर खळाळणारा ओढा दुधाच्या धारेसारखा मऊ दिसतो. क्षण गोठवावयाचा की वाहू द्यावयाचा, याचा निर्णय आधीच करावा लागतो. उसळी पाहिल्यावर बोट दाबणाऱ्याच्या पदरी बहुधा नुसते हलणारे पाणी येते. म्हणून अनुभवी छायाचित्रकार माशाकडे न पाहता दोरीकडे पाहतो. ताणलेली दोरी जेव्हा वेगाने पृष्ठभागाकडे चढू लागते, तेव्हा मासा वर येत आहे हे तो ओळखतो. ज्याला मासेमारीचे मर्म ठाऊक नाही, त्याला तिचे चित्र काढता येत नाही.

हे काम दिसते तितके सुखाचे नाही. होडी सतत डुलत असते. समुद्राचे खारे तुषार कॅमेऱ्याच्या सांध्यांत शिरून धातूला गंज चढवितात. म्हणून दिवस संपताच गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने प्रत्येक साधन पुसावे लागते. गळ फेकणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहणे धोक्याचे, कारण मागे झेपावणारा आकडा हाताला वा डोळ्याला इजा करू शकतो. भरती-ओहोटीच्या वेळा पाठ असाव्या लागतात. शिवाय कित्येक दिवस असे जातात की पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसूनही एकही मासा गळाला लागत नाही. अशा दिवशी हा छायाचित्रकार रिकाम्या हाताने परतत नाही. धुक्यातून येणारी होडी, जाळे विणणारी म्हातारी बोटे, काठावरच्या चिखलात उमटलेली बगळ्याची पावले, अशी चित्रे तो घेऊन येतो.

आता माशाचाही विचार केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी छंद म्हणून धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देण्याची चाल आहे. मासा सोडला म्हणजे तो जगलाच, असे मात्र नाही. माशाच्या अंगावर बुळबुळीत आवरण असते. ते त्याचे रोगजंतूंपासून रक्षण करते. कोरड्या हातांनी धरल्यास ते खरवडून निघते. पाण्याबाहेर माशाचे कल्ले एकमेकांना चिकटतात आणि त्याला प्राणवायू मिळेनासा होतो. चित्रासाठी मासा दोन-तीन मिनिटे वर धरून ठेवला, तर पाण्यात परतल्यावरही तो दगावण्याचा संभव असतो. म्हणून जाणता छायाचित्रकार प्रकाश, अंतर आणि जागा हे सर्व आधी ठरवितो. मासा तोवर पाण्यातच असतो. मग धरणारा आपले हात ओले करतो, पोटाखाली आधार देऊन त्याला क्षणभर उचलतो, आणि झडप उघडून मिटताच मासा पाण्यात जातो. या बाबतीत एक साधा नियम सांगितला जातो: मासा वर उचलताना आपणही श्वास रोखावा, आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की माशाचीही वेळ भरली असे समजावे. उत्तम चित्रासाठी एका जिवाचा बळी देणे ही कला नव्हे.

सचोटीची कसोटीही येथे लागते. मासा छातीशी न धरता दोन्ही हात लांब करून कॅमेऱ्यासमोर पुढे धरला, तर तो प्रत्यक्षाहून फार मोठा दिसतो. कारण भिंगाजवळची वस्तू मोठी आणि दूरची वस्तू लहान दिसते. या युक्तीने वितीएवढ्या माशाचा हातभर मासा करता येतो. पाहणारे थक्क होतात, पण ते चित्र खोटे बोलत असते. प्रामाणिक छायाचित्रकार माशाशेजारी मोजपट्टी किंवा ओळखीची वस्तू ठेवतो आणि चित्राच्या मागे तारीख, स्थळ, माशाची जात व लांबी टिपून ठेवतो. ही टिपणे कोणाच्या उपयोगी पडतील, हे त्या वेळी त्यालाही ठाऊक नसते. त्यांचा उपयोग किती मोठा होऊ शकतो, हे पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. त्याच्या भोवती प्रवाळांचे खडक आहेत. तेथून प्रवाशांना मासेमारीसाठी समुद्रात नेणाऱ्या होड्या निघत. सायंकाळी होडी धक्क्याला लागली की दिवसभरात धरलेले मासे एका फळीवरील खिळ्यांना टांगीत, प्रवासी त्यांच्या शेजारी उभे राहत आणि स्थानिक छायाचित्रकार त्यांचे चित्र काढून देई. कोणाला वाटावे, ही तर केवळ सहलीची आठवण! परंतु अशी कितीतरी जुनी चित्रे तेथील ग्रंथालयात जपून ठेवण्यात आली.

लोरेन मॅक्लेनाचन या संशोधिकेने ही चित्रे अभ्यासासाठी घेतली. चित्रांतील माशांची लांबी मोजून तिने त्यांच्या वजनाचा अंदाज बांधला आणि १९५६ ते २००७ या काळातील चित्रांची तुलना केली. २००९ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९५६ च्या सुमारास फळीवर टांगलेल्या माशांचे सरासरी वजन सुमारे १९.९ किलोग्रॅम होते. २००७ मध्ये ते अवघे २.३ किलोग्रॅम उरले होते. आरंभीच्या चित्रांत आपल्या कोकणात ज्यांना हेकरू म्हणतात त्यांच्या कुळातील अजस्र मासे आहेत. काही तर शेजारच्या माणसाहूनही मोठे. त्यांच्याबरोबर सुमारे दोन मीटर लांबीचे मुशी मासे आहेत. शेवटच्या चित्रांत तांबोशीच्या कुळातील, सरासरी ३४ सेंटिमीटर लांबीचे लहान मासे आहेत. मुशींची लांबीही निम्म्याहून कमी झाली होती. पन्नास वर्षांच्या अतिरेकी मासेमारीने समुद्र किती रिता केला, हे त्या फळीने सांगितले.

या चित्रांतील आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. मासे लहान होत गेले, तरी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरील हसू लहान झालेले नाही. १९५६ चा प्रवासी जितक्या अभिमानाने उभा आहे, तितक्याच अभिमानाने २००७ चा प्रवासीही उभा आहे. आपण काय गमावले, हे त्याला ठाऊकच नाही. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये याचे कारण सांगितले होते. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र समजते. त्यानंतर होणारी घट तिला जाणवते. आधीची घट मात्र विस्मृतीत जाते. पुढची पिढी त्याहूनही रित्या समुद्रापासून मोजू लागते. अशा रीतीने माप स्वतःच आखूड होत जाते आणि ते आखूड झाल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आखूड झालेले माप पुन्हा सरळ करण्याचे साधन म्हणजे जुना पुरावा. तो राजवाड्यात किंवा शिलालेखातच असतो असे नाही; धक्क्यावरच्या एका साध्या छायाचित्रातही असतो. हेकरूच्या कुळातील सर्वांत मोठ्या माशाच्या शिकारीवर अमेरिकेच्या त्या समुद्रात १९९० मध्ये बंदी घालण्यात आली आणि पुढील वर्षांत त्यांची संख्या पुन्हा काहीशी वाढली. हानी ओळखली, तर ती थोपविता येते. ओळखण्यासाठी मात्र कोणीतरी खरे चित्र काढून ठेवलेले असावे लागते.

धक्क्यावरील त्या छायाचित्रकाराने आपण विज्ञानाची सेवा करीत आहोत असा विचार कधी केला नसेल. त्याने नित्याचे काम नित्य केले, मासा होता तेवढाच दाखविला आणि चित्र जपले गेले. आजही कोण्या सरोवराच्या काठी पहाटेच्या धुक्यात कॅमेरा घेऊन कोणी बसलेला असेल. तो टिपत असलेले पाणी पन्नास वर्षांनी तसेच राहील की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण ते कसे होते, याची साक्ष त्याच्या चित्रात राहील.