गाइड शिबिराची जागा : निवड आणि व्यवस्था

ग्रामीण शाळेत गाइड पथक सुरू होते. मुली गणवेश घालतात, प्रतिज्ञा घेतात, साप्ताहिक सभेला हौसेने येतात; परंतु मुक्कामी शिबिराचा दिवस जवळ आला म्हणजे यादीतील नावे गळू लागतात. याचा दोष बहुधा पालकांच्या जुन्या समजुतींवर टाकला जातो. तो सर्वस्वी न्याय्य नाही. मुलगी रात्री कोठे निजणार, शौचाला कोठे जाणार आणि तिच्याजवळ कोण असणार, एवढेच आईला विचारावयाचे असते, आणि नेमकी हीच माहिती संमतिपत्रकात नसते. तेव्हा शिबिराचा विचार कार्यक्रमापासून नव्हे, तर जागेपासून सुरू करावा लागतो.

या चळवळीच्या चालकांना हे फार लवकर उमगले होते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील स्काउटांच्या मेळाव्यात काही मुली आपण होऊन आल्या, आणि पुढल्याच वर्षी बेडन-पॉवेल यांनी आपली भगिनी ॲग्नेस यांच्या साहाय्याने मुलींची स्वतंत्र संघटना उभारली. १९२२ साली इंग्लंडातील हॅम्पशायर परगण्यात फॉक्सलीज नावाचा वाडा संघटनेला देणगीदाखल मिळाला व तेथे प्रशिक्षणाचे आणि शिबिरांचे केंद्र झाले. स्वित्झर्लंडमधील ॲडेलबोडेन येथे १९३२ साली सर्व देशांच्या गाइडांसाठी पहिले जागतिक केंद्र उघडले. त्यासाठी अमेरिकेतील हेलन स्टॉरो यांनी द्रव्यसाहाय्य केले होते. आशियातील असे केंद्र आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्यास आळंदी रस्त्यावर असलेल्या ‘संगम’ या केंद्राचे उद्घाटन १६ ऑक्टोबर १९६६ रोजी लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते झाले.

मात्र स्वतःची वास्तू असली म्हणजे सर्व साधले, असे नाही. वास्तूला डागडुजी लागते, राखणदार लागतो, दरसालचा खर्च लागतो. ब्रिटनमधील गाइड संघटनेने २०२३ साली फॉक्सलीजसह आपली पाचही केंद्रे बंद करून विकण्याचा निर्णय जाहीर केला. शंभर वर्षे जपलेली जागाही अशी हातची जाऊ शकते. म्हणून गावच्या शिक्षकाने वास्तू नाही याची खंत करण्याचे कारण नाही. शाळेची इमारत, तिचे पटांगण आणि गावाजवळची एखादी सुरक्षित जागा एवढ्यावर पुष्कळ काम होण्यासारखे आहे.

साप्ताहिक सभेसाठी तर फार काही लागतच नाही. सहा ते आठ मुलींचा एक संघ. प्रत्येक संघाला ओसरीचा किंवा वर्गाचा एक ठरावीक कोपरा द्यावा, आणि दोऱ्या, प्रथमोपचाराचे सामान, नोंदवही यांसाठी कुलपाची एक पेटी. कोपरा दर आठवड्यास बदलू नये. आपली म्हणून एक जागा मिळाली की मुली ती झाडतात, सजवतात, आणि संघनायिकेच्या शब्दाला वजन येते. दहा वर्षांखालील बुलबुलांना सभेपुरती लिंबाची सावली पुरे. पथकाची धुरा गाइड कॅप्टनकडे, म्हणजे शिक्षिकेकडेच असते. ज्या शाळेत शिक्षिका नाही तेथे शेजारच्या शाळेशी जोडून पथक चालवावे.

मुक्कामाची जागा निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा उत्तम. फाल्गुनात गवत वाळते आणि चुलीची ठिणगी भारी पडते. नदीचे पात्र दिसावयास रम्य, परंतु वरच्या अंगाला पाऊस झाला तर पाणी न सांगता येते. तेथे तंबू ठोकू नये. जुन्या, वाळक्या फांद्यांच्या झाडाखालीही नको. जमीन किंचित उताराची असावी. स्वयंपाकाची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगास ठेवावी, म्हणजे धूर आणि ठिणग्या तंबूंकडे जात नाहीत. पिण्याचे पाणी गावात वापरात असलेल्या स्रोताचेच घ्यावे. शंका असेल तर १००० लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची ताजी ब्लीचिंग पावडर २.५ ग्रॅम या प्रमाणात मिसळून अर्धा तास थांबावे.

शौचालयाचा प्रश्न पुष्कळ संयोजक शेवटी आठवतात. तो पहिला असावयास पाहिजे. शाळेची शौचालये वापरावयाची असल्यास आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन दाराची कडी आतून लागते की नाही, पाणी येते की नाही आणि रात्री वाटेवर उजेड असतो की नाही, हे पाहावे. मोकळ्या जागी चर खणावे लागले तर ते फूटभर रुंद व दोन-अडीच फूट खोल असावेत, विहिरीपासून बरेच दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावेत, आणि भोवती माणसाच्या उंचीहून उंच तट्टे लावावेत. माती टाकण्यास फावडे आणि हात धुण्यास साबण-पाणी तेथेच ठेवावे. मासिक पाळी सुरू असलेल्या मुलींसाठी पॅड, कपडा बदलण्याचा आडोसा आणि झाकणाचा डबा यांची तरतूद न विचारता केलेली असावी. ही गोष्ट मुलगी मागणार नाही. पोट दुखते म्हणून घरी जाण्याचे निमित्त काढील, आणि पुढील वर्षी यादीत तिचे नाव नसेल.

रात्री मुलींच्या निवासाजवळ निदान दोन जबाबदार स्त्रिया निजल्या पाहिजेत. एक आजारी मुलीला घेऊन गेली तरी दुसरी मागे राहते. पुरुष शिक्षकांनी पहारा, वाहन व गावाशी संपर्क ही कामे बाहेरून पाहावीत. कोणी मुलीने गैरवर्तनाची तक्रार केली तर ती शाळेच्या अब्रूसाठी दडपून ठेवणे हा २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. तिची माहिती पोलिसांना दिलीच पाहिजे, ही गोष्ट शिबिरापूर्वी सर्व सहायकांना स्पष्ट शब्दांत सांगावी.

एवढी तयारी झाली की मातांना ती जागा प्रत्यक्ष दाखवावी. सूचनापत्रकापेक्षा याचा उपयोग अधिक होतो. प्रथम सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे एक दिवसाचे शिबिर त्याच ठिकाणी भरवावे आणि चार-दोन मातांना मुलींच्या हातची भाकरी खाण्यास बोलवावे. त्या हिंडून आडोसा पाहतील, कडी लावून पाहतील, पाणी चाखतील. त्यांनी काही उणे काढले तर ते लिहून घ्यावे व मुक्कामापूर्वी दुरुस्त करावे.

शिबिर उठताना चर बुजवून त्यांवर खुणेची काठी रोवावी, चुलीतील राख पाणी ओतून गार करावी, आणि जागेचा मालक किंवा मुख्याध्यापक यांच्यासमवेत एक फेरी मारूनच निघावे. पुढील वर्षी जागा पुन्हा मागावयाची असते.