जुन्या मोबाईल चार्जरने गाडीच्या पार्टचा गंज कसा काढायचा?

तुमच्या घरात ५ व्होल्टचा एखादा जुना चार्जर ड्रॉवरमध्ये पडून असेलच. मी त्याच चार्जरने बाबांच्या जुन्या मारुती ८०० च्या बंपरचा ब्रॅकेट साफ केला. पण त्याआधी बॅटरी धरून ठेवणारी पट्टी खराब केली होती, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. चूक एकच होती, वायर उलट्या लागल्या.

आधी हे काम कसं चालतं ते बघू. गंज म्हणजे लोखंडाला ऑक्सिजन आणि पाणी चिकटून झालेला पदार्थ. पार्ट सोड्याच्या पाण्यात बुडवून त्याला चार्जरची मायनस वायर जोडली की त्यावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. गंज सैल होतो, त्याचा काही भाग काळा पडतो आणि ब्रशने निघून जातो. चांगलं लोखंड तसंच राहतं. प्लसला एक भंगार सळई लावायची, ती झिजते. म्हणजे वायर उलट लागली तर झिजतो तो आपला पार्ट! रात्रभर ठेवून सकाळी बघितलं तर माझ्या पट्टीच्या पातळ कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

यूएसबी केबल कापली की आत साधारण लाल वायर प्लस आणि काळी मायनस असते. स्वस्त केबलच्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका, मी ठेवला होता. आधी दोन जुने खिळे बुडवून बघा. ज्या खिळ्यावर जास्त बुडबुडे, तो मायनस. दोन मिनिटांचं काम आहे.

बादली प्लास्टिकचीच घ्या. ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पुरतो. मीठ अजिबात टाकू नका, क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. वायर जोडायची ती जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. सळई आणि पार्ट एकमेकांना टेकू देऊ नका. सळईसमोरची बाजू आधी साफ होते, म्हणून मध्येच पार्ट फिरवावा लागतो. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर प्लगमधून काढायचाच, आणि लोकल चार्जर तर या कामाला नकोच. नवे टाईप-सी पोर्टवाले चार्जर अशा उघड्या वायरला बहुतेक वेळा करंटच देत नाहीत, त्यामुळे जुनाच बरा.

सळईऐवजी स्टीलचा चमचा चालेल का? नाही. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि विषारी होतं. झिंकचा थर असलेला पत्राही नको. कार्बोरेटरसारखे ॲल्युमिनियमचे पार्ट तर या पाण्यात घालूच नका, सोडा त्यांना खातो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवा, बंद बाथरूममध्ये नाही.

ब्रेक, सस्पेन्शन, स्प्रिंग आणि कडक स्टीलचे बोल्ट या पद्धतीने साफ करू नका. हायड्रोजन आत शिरून असं स्टील ठिसूळ होऊ शकतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

माझा ब्रॅकेट १० तासांनी बाहेर काढला तेव्हा काळाकुट्ट होता. वायर ब्रश मारला, धुतला, लगेच हेअर ड्रायरने सुकवला आणि प्रायमर मारला. ओला ठेवला असता तर तासाभरात पुन्हा तांबूस झाला असता. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "त्या पट्टीचं काय?" भंगारवाल्याकडे शोधतोय.