इमारत ‘आपली’ कशाने होते? : नॉर्वेतली दोन उदाहरणं

नॉर्डिक वास्तुकला म्हटलं की लाकूड, पांढऱ्या भिंती, मोठाल्या खिडक्या असं एक चित्र डोळ्यांसमोर येतं. ती झाली शैली. आज आपला प्रश्न वेगळा आहे: एखादी इमारत त्या जागेची आणि तिथल्या माणसांची कशी होते? त्यासाठी नॉर्वेतल्या दोन इमारती बघू.

पहिली, ऑस्लोचं ऑपेरा हाऊस. ‘स्नोहेत्ता’ या वास्तुरचना संस्थेने केलेलं, २००८ साली खुलं झालेलं. त्याचं छत उतरत उतरत थेट फ्योर्डच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या पाण्यापर्यंत येतं. लोक त्यावर चढतात, ऊन खात बसतात. तिकीट लागत नाही. आता गंमत बघा. हे छत पांढऱ्या संगमरवराचं आहे आणि तो दगड आणला इटलीतल्या काराराहून. यावरून तिथे वाद झाला. आपल्याकडे ग्रॅनाइट असताना राष्ट्रीय इमारतीला परका दगड कशाला?

मग या इमारतीत नॉर्वे कुठे आहे? माझ्या मते, त्या चढणीत. नॉर्वेत ‘आलेमान्सरेटन’ नावाचा हक्क आहे. मोकळ्या रानात, डोंगरात, जमीन कोणाचीही असो, कुणीही पायी फिरू शकतं. शेतं आणि घरांचं आवार सोडून, अर्थात. ही जुनी रूढी १९५७ मध्ये कायद्यात आली. ऑपेरा म्हणजे एरवी तिकीट काढणाऱ्यांची जागा. तिच्या डोक्यावर वास्तुकारांनी सगळ्यांसाठी टेकडी ठेवली. दगड परका, पण सवय तिथली.

दुसरी इमारत आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला, काराशोक गावात. ही सामी लोकांची संसद. सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी. शंभरेक वर्षं सरकारने त्यांना ‘नॉर्वेजियन’ करायचं धोरण राबवलं, शाळांमधून त्यांची भाषा हद्दपार केली. त्यांची संसद सुरू झाली १९८९ मध्ये, ही इमारत आली २००० मध्ये. वास्तुकार स्टाइन हाल्वोर्सन आणि क्रिस्तियान सुंडबी. इथलं सभागृह ‘लाव्वु’च्या आकाराचं आहे. लाव्वु म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या सामींचा काठ्यांचा शंकूसारखा तंबू.

कुणी म्हणेल, तंबूसारखी इमारत बांधली, यात काय मोठं? पण ज्यांची ओळख पुसायचा प्रयत्न झाला, त्यांना ती लांबून दिसणं महत्त्वाचं वाटतं. ऑस्लोला हे सिद्ध करायची गरज नव्हती. मात्र दुसरी बाजूही आहे. सगळे सामी काही रेनडिअर पाळत नव्हते. किनाऱ्यावरचे सामी मासेमारी करत, मातीगवताच्या झोपड्यांत राहत. त्यांचं घर या आकारात नाही. एक प्रतीक उचललं की बाकीची मागे पडतात, ही अडचण राहतेच.

म्हणून मला वाटतं, आकार किंवा दगड बघून ओळख ठरवू नये. काराशोकच्या सभागृहात सदस्य सामी भाषेत बोलतात, हे त्या तंबूच्या आकाराइतकंच, किंबहुना जास्त मोलाचं आहे. ‘स्थानिक’ म्हणवणारी इमारत समोर आली की आधी विचारायचं: इथे कुणाला यायची मुभा आहे, आणि आल्यावर काय करता येतं? कौलं आणि कमानी त्यानंतर मोजू.

इथे थांबतो. प्रश्न घेऊया.